शिक्का म्हणजे तपासणी नव्हे

ज्येष्ठांच्या पोहण्याच्या स्पर्धा जवळ आल्या की अर्जाबरोबर एक कागद फिरायला लागतो. 'सदर व्यक्ती स्पर्धेत भाग घेण्यास सक्षम आहे.' खाली सही आणि गोल शिक्का. मी ३४ वर्षं मास्तरकी केली, बोनाफाइडपासून चारित्र्यापर्यंत हजारो दाखले लिहिले. पण इतका पोकळ दाखला पाहिला नाही. मला तो एका दवाखान्यात चक्क कंपाउंडरनं शिक्का मारून दिला. डॉक्टर आत जेवत होते म्हणे! मी तो परत केला आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन रीतसर तपासून घेतलं, तर आमचे पोहणारे मित्र हसले. "मास्तर, एका कागदासाठी एवढं?"

हो, एवढं. कारण कागद संयोजकांना वाचवतो, पोहणाऱ्याला नाही.

आमच्या घरातली मंडळी हे वाचून लगेच म्हणतील, "बघा, आम्ही सांगतच होतो, सोडा आता ते पोहणं." थांबा. पोहणं वेगळं आणि शर्यत वेगळी. रोज सकाळी रमतगमत वीस फेऱ्या मारणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. (मी स्वतः पांगाऱ्याचं लाकूड पाठीला बांधून कृष्णेत शिकलो, मला पाण्यातून काढायचं तर बरंच बळ लागेल.) माझं भांडण आहे ते शिट्टी, ठोकळा, सूर आणि जीव खाऊन मारलेल्या पन्नास मीटरशी, म्हणजे ते तपासल्याशिवाय मारण्याशी.

पाण्यात हृदयाचं काय होतं हे आमच्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? मानेपर्यंत पाण्यात उतरलं की पाण्याच्या दाबानं पायांतलं आणि पोटातलं रक्त छातीकडे सरकतं, चांगलं अर्ध्या लिटरहून जास्त. हृदय ताणलं जातं, त्याचं काम वाढतं. पाणी गार असेल तर अंगावरच्या रक्तवाहिन्या आखडतात, रक्तदाब चढतो, नाडी धावते. आणि त्याच वेळी चेहरा पाण्यात आणि श्वास रोखलेला, त्यामुळे नाडीला मंद हो असा उलटा हुकूम सुटतो. गाडीवानानं एका हातानं चाबूक ओढावा आणि दुसऱ्या हातानं कासरा खेचावा, तसं. टिप्टन आणि शॅटॉक या ब्रिटिश संशोधकांनी २०१२ साली हेच मांडलं, की या दोन हुकमांच्या ओढाताणीत हृदयाचा ठोका चुकू शकतो, घातकही ठरू शकतो. तरुण हृदय ते बहुधा निभावतं. सत्तरीतल्या हृदयाच्या नळ्यांत काय साचलंय हे न बघता त्याला या ओढाताणीत ढकलायचं, आणि वर शाल-श्रीफळ द्यायचं!

शर्यत संपल्यावरही धोका संपत नाही. भिंतीला हात लावला की लोक टाळ्या वाजवतात आणि आम्ही तरतरीतपणा दाखवायला झटकन शिडी चढतो. पाण्याचा दाब एकदम निघून जातो, रक्त पायांकडे उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आणखीच. दोन मिनिटं पाण्यातच हळूहळू हातपाय हलवावेत, हे एकही निवेदक माइकवरून सांगत नाही. पाहुण्यांची ओळख मात्र दहा मिनिटं.

आता नेहमीचा युक्तिवाद : "मी चाळीस वर्षं पोहतोय, मला काय होणार?" अहो, व्यायामानं फायदा होतोच, पण अभय मिळत नाही. स्वीडनमध्ये वासालोपेत नावाची ९० किलोमीटरची बर्फावरची शर्यत असते. तिच्यातल्या स्पर्धकांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी जास्त वेळा आणि जास्त वेगात ती पुरी केली, त्यांच्यात हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण अधिक निघालं. अमेरिकेत पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी स्पर्धांत १९८५ ते २०१६ या काळात १३५ जणांचा मृत्यू झाला किंवा हृदय अचानक बंद पडलं. त्यांतले ९० पोहण्याच्या टप्प्यात! साठीपुढच्या पुरुषांना धोका सर्वांत जास्त. ते खुलं पाणी, गर्दी, आपला तलाव तसा नाही, हे मान्य. पण हृदय तेच ना?

आणि आमचा हावरटपणा. मास्टर्स स्पर्धांत पाच-पाच वर्षांचे गट असतात. त्यामुळे सत्तरी लागली की माणूस दुःखी होत नाही, खूश होतो. ७० ते ७४ मध्ये तो सगळ्यांत तरुण! 'या वर्षी पदक नक्की' म्हणत तीन-तीन शर्यतींत नावं देतो. मग छातीत भरून आलं तर ती ॲसिडिटी. जबडा दुखला तर दात. पायऱ्या चढताना धाप लागली तर हवा दमट. घरी सांगायचं नाही, नाहीतर सूनबाई बॅग लपवतील.

गंमत अशी, की हा प्रकार सुरू केला तोच एका डॉक्टरनं. अमेरिकी नौदलातले रॅन्सम आर्थर. प्रौढ माणसं शर्यतीच्या ओढीनं तरी व्यायाम करतील, या विचारानं १९७० साली टेक्सासमधल्या अमॅरिलोला पहिली स्पर्धा झाली. डॉक्टरांच्या डोक्यातून निघालेल्या खेळात आता डॉक्टर उरला तो शिक्क्यापुरता. इटलीत बघा, स्पर्धात्मक खेळासाठी डॉक्टरांची तपासणी, ईसीजीसकट, १९८२ पासून कायद्यानं सक्तीची आहे. आपल्याकडे कायदा नाही तर नाही, संयोजकांना कुणी अडवलंय? आणि नुसता झोपवून काढलेला ईसीजीही पुरत नाही. अरुंद झालेली नळी त्यात बरेचदा दिसतच नाही. ती श्रम केल्यावर बोलते, म्हणून साठीपुढे आधीचा इतिहास नीट विचारून, गरज वाटली तर ट्रेडमिल टेस्ट हवी.

तपासूनही कधी कुणी कोसळेलच. मग काठावर काय आहे? १२ जून २०२१ला डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन भर सामन्यात पडला, हृदय बंद, आणि मैदानावरच छाती दाबून, विजेचा धक्का देऊन त्याला परत आणलं. ते यंत्र जवळ होतं आणि वापरणारी माणसं शिकलेली होती. हृदय बंद पडल्यावर दर मिनिटाला वाचण्याची आशा सुमारे दहा टक्क्यांनी घटते. ॲम्ब्युलन्स सिग्नलला थांबेपर्यंत हिशेब संपलेला असतो. आणि पाण्यात पडलेल्याला आधी बाहेर ओढायचं, छाती पुसून कोरडी करायची, यातच वेळ जातो. लोक म्हणतात, "बुडाले हो बिचारे." बुडाले नाहीत, हृदय थांबलं म्हणून खाली गेले!

टोप्या, मंडप, चषक, हार यांच्यासाठी पैसे जमतात, ते जमवणारे हे एक यंत्रही आणू शकतात. भाड्यानं आणा हवं तर.

पुढच्या स्पर्धेच्या अर्जासोबत मी संयोजकांना एक पत्र जोडतोय. तीनच प्रश्न आहेत : धक्का देणारं यंत्र काठावर कुठे ठेवणार, ते कोण चालवणार, आणि त्या माणसानं शेवटचा सराव कधी केला. उत्तर आलं की इथे लिहीन. नाही आलं तरी लिहीन.