नावेवरची एक रेघ

सातारा आणि सांगली हे जिल्हे समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडचे. तेव्हा कोकणातला कोळी भर दर्यात आपल्या होडीचा तोल कसा सांभाळतो, याच्याशी कृष्णाकाठच्या माणसाला काय कर्तव्य, असे कोणी विचारील. या प्रश्नाचे उत्तर 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे मिळाले. महापुराने वेढलेल्या त्या गावातून माणसांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि 17 जणांना जलसमाधी मिळाली. ज्या नावेवर सुटकेची भिस्त होती, तीच काळ ठरली.

त्या दुर्घटनेची तात्कालिक कारणे कोणतीही असोत, नावेचे शास्त्र आपल्या गावांना कोणी शिकविलेले नाही, हे सत्य उरतेच. आपला सर्वसाधारण समज असा की, नाव बुडते ती पाणी शिरल्यामुळे. वास्तविक लहान नाव पुष्कळदा आधी उलटते व मग बुडते. नाव एका अंगाला कलली की त्या अंगाचा अधिक भाग पाण्यात जातो, पाणी तिला तेथे वर रेटते आणि ती पुन्हा सरळ होते. मात्र त्यासाठी भार खाली असावा लागतो. माणसे उभी राहिली की भाराचा मध्य वर चढतो. ती घाबरून एकीकडे सरकली की तोल संपतो. तळाशी साचलेले पाणीही कललेल्या बाजूकडेच धाव घेते व नावेला आणखी कलंडविते.

समुद्रावरचा तांडेल हे ग्रंथ न वाचता जाणतो. बर्फ आणि मासळी तो खालच्या खणात भरतो, तळातले पाणी उपसत राहतो आणि लाट आडवी अंगावर न घेता नावेचे तोंड तिच्याकडे वळवितो. हा नियम मोठ्या बोटींनाही चुकत नाही. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही आगबोट वादळी लाटांच्या तडाख्याने कलली, प्रवासी एका बाजूला लोटले गेले आणि ती उलटली. सहाशेहून अधिक माणसे त्या दिवशी दगावली.

इंग्लंडमध्ये सॅम्युएल प्लिमसोल या लोकप्रतिनिधीने अतिभाराविरुद्ध दीर्घकाळ झगडा दिला आणि 1876 च्या कायद्याने जहाजांवर भाररेषा रंगविणे बंधनकारक झाले. ती रेघ पाण्याखाली गेली की भार जास्त झाला, हे निरक्षर माणसालाही कळते. कृष्णा, वारणा व येरळाकाठच्या प्रत्येक नावेवर, तसेच कोयनेच्या शिवसागर जलाशयात बामणोली-तापोळ्याकडे चालणाऱ्या लाँचींवर अशी ठळक रेघ आणि माणसांची कमाल संख्या का असू नये? ग्रामपंचायतीला त्यासाठी रंगाचा एक डबा पुरेल. शिक्षकांना हाच धडा घमेलेभर पाणी आणि एका वाटीच्या साहाय्याने वर्गात शिकविता येईल.

यात खरी अडचण तंत्राची नसून मनाची आहे. पाणी उंबऱ्याला लागलेले असताना, कडेवर मूल घेऊन आलेल्या मातेला ‘पुढच्या खेपेला या’ असे सांगण्याचे धैर्य कोणत्या नावाड्याला होईल? ते कठोर कर्तव्य एकट्या माणसावर सोपविणे अन्यायाचे आहे. म्हणूनच ती रेघ उन्हाळ्यात, शांत चित्ताने, साऱ्या गावाच्या संमतीने ओढून ठेवली पाहिजे. पुराच्या वेळी नकार नावाड्याने द्यावयाचा नाही. तो त्या रेघेने द्यावयाचा आहे.