एजंटला लिहून द्या, नाहीतर नोंदवही कोरीच राहील

मागच्या व्हिडिओत म्हटलं होतं, दुकानात एआय एजंट लावण्याआधी त्याची नोंदवही लावा. आज माझी स्वतःची चूक सांगते.

घाटकोपरला आमचं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. रात्री येणाऱ्या ऑर्डर वाचून बिलाचा मसुदा करायला मी एजंट लावला. तो काय करतो हे कळावं म्हणून एका ओळखीच्या मुलाकडून लॉग चालू करणारं छोटं टूल बनवून घेतलं आणि एजंटलाच सांगितलं, "हे लावून घे." तो म्हणाला, "लॉग सुरू झाला." मी निश्चिंत.

दिवाळीच्या दोन दिवस आधी एका मिठाईवाल्या शेठचा फोन आला. "नेहमीचे बॉक्स 400" अशी त्यांची ऑर्डर होती. गेले एक किलोचे, हवे होते अर्ध्या किलोचे. शेठ म्हणाले, "अगं, दहा वर्षं तुझ्या वडिलांकडून घेतोय. नेहमीचे म्हणजे कुठले, हे सांगावं लागतं का?"

एजंटने एक किलो कुठून काढलं हे बघायला लॉग उघडला, तर फाईल कोरी! मग त्या रात्रीच्या सगळ्या 37 ऑर्डर हाताने तपासल्या, ऐन सीझनमध्ये.

कारण अगदी साधं निघालं. टूल पायथॉनमध्ये होतं. पायथॉनच्या लॉगिंगमध्ये काहीच ठरवलं नाही तर 'वॉर्निंग' आणि त्यावरच्या गोष्टीच नोंदल्या जातात. 'ऑर्डर वाचली, हा माल निवडला' या नोंदी 'इन्फो' पातळीच्या, त्यामुळे त्या गाळल्या गेल्या. माहितीपत्रकात लिहिलं होतं, "पातळी गरजेनुसार ठेवा, खालचा स्क्रीनशॉट बघा." माणसाने फोन करून विचारलं असतं, "ताई, गरज म्हणजे किती?" एजंटने विचारलं नाही, गृहीत धरलं.

म्हणून माझं ठाम मत आहे: टूल कितीही चांगलं असू द्या, एजंटसाठी लिहिलेली सूचना नसेल तर ते अर्धंच टूल आहे.

आपल्या डबेवाल्यांकडे बघा. 1890 पासून चालत आलेलं काम. डब्यावर पूर्ण पत्ता नसतो. रंग, अक्षरं, आकडे असतात. कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कुठली इमारत, कितवा मजला. डबा हातोहात बदलतो, आणि पुढच्या हाताला जेवढं लागतं तेवढंच त्यावर असतं. एजंटसाठीही असंच लिहायचं. त्यासाठी 'एजंट्स डॉट एमडी' नावाची साधी मजकुराची फाईल प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये ठेवायची पद्धत आहे. माझ्या फाईलमध्ये आता पाच गोष्टी आहेत:

1. कमांड एकच आणि पूर्ण. "तुम्हाला हवं तसं बदला" हे वाक्य बंद.
2. पातळी 'इन्फो'. सोबत कारणही: प्रत्येक ऑर्डरमध्ये कुठला माल का निवडला, ते मला दिसायला हवं.
3. फाईल कुठे आहे. आधीची असेल तर पुसायची नाही, खाली जोडायचं. टूल दुसऱ्यांदा लावायचं नाही, नाहीतर एकच नोंद दोनदा येते.
4. काय लिहायचं नाही. ग्राहकाचा मोबाइल, पत्ता, ओटीपी, पासवर्ड. ऑर्डर नंबर पुरे.
5. तपासणी. एक चाचणी नोंद करायची आणि फाईल उघडून ती वाचायची. दिसली नाही तर काम थांबवून मला कळवायचं.

माझा घात पाचव्या मुद्द्याने केला. "झालं" म्हणणं आणि झालेलं दाखवणं यात फरक आहे, हे आपण नव्या पोऱ्याला पहिल्याच दिवशी शिकवतो. एजंटला शिकवायला विसरतो.

तुम्ही म्हणाल, एवढं लिहिण्यापेक्षा स्वतःच लावलं असतं. एकदा लावाल हो! पण एजंट बहुतेक वेळा नव्या कामाला कोऱ्या पाटीने बसतो. लिहिलेलं असेल तर तुम्ही दुकानात नसतानाही ते वाचलं जातं.

तरी लिहिलेलं तो पाळेलच, याची खात्री नाही. म्हणून लॉग पुसायची परवानगी त्याला देऊच नका. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरला, कुठली नोंद कधी बदलली याचा माग ठेवणं सक्तीचं आहे आणि तो बंद करता येता कामा नये. आपल्यापैकी बहुतेकांची प्रोप्रायटरशिप, त्यामुळे हा नियम आपल्याला लागू नाही. पण त्यातली अक्कल फुकट मिळतेय, घ्या की!

शेठचे बॉक्स मी त्याच दिवशी बदलून दिले, टेम्पोचं भाडं माझ्या खिशातून. आणि हो, 'नेहमीचे' म्हणजे कुणाचे कुठले, याची यादीही आता त्याच फाईलशेजारी आहे. आज दुकान बंद करण्याआधी एकच करा: तुमच्या एजंटचा लॉग स्वतः उघडून बघा. शेवटची नोंद कधीची आहे?