छावणीत राहील त्यालाच भाकर!



निर्वासित म्हटलं की फाळणीची आगगाडी डोळ्यांपुढं येते. नाशिकवाल्याला देवळालीच्या बराकी आठवतात, मुंबईवाल्याला कल्याणची छावणी. 1949 साली तिचंच उल्हासनगर झालं. सिंधी माणूस सगळं गमावून आला. सरकारनं त्याला छप्पर दिलं, रेशन दिलं. द्यायलाच पाहिजे होतं. त्याबद्दल माझ्या पोटात दुखत नाही. माझा सवाल एवढाच, की त्याच फाळणीत पंजाबातून आलेला अस्पृश्य कुठं होता?

18 डिसेंबर 1947 ला बाबासाहेबांनी नेहरूंना पत्र लिहिलं. तेव्हा ते देशाचे कायदामंत्री. पाकिस्तान आमच्या सफाईवाल्यांना सोडत नव्हतं, त्यांचं काम 'अत्यावश्यक सेवा' ठरवलं होतं. म्हणजे देश दोन झाले तरी घाण उचलायला आम्हीच. जे निसटून हिंदुस्थानात आले, त्यांना छावणीचे अधिकारी सवर्ण निर्वासितांपासून वेगळं वागवत. म्हणून आमची माणसं छावणीत राहिनात. आणि पुनर्वसन खात्याचा नियम काय? छावणीत राहील त्यालाच रेशन, त्यालाच कपडा!

बघा कारागिरी. आत जात राहू देत नाही, बाहेर नियम खाऊ देत नाही. आणि वर साळसूदपणे सांगायचं, सरकार जात बघत नाही.

माझी आजी फाळणीतली नाही. ती 1978 ची निर्वासित. 27 जुलैला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. ती चार भांडी न् तीन लेकरं घेऊन नाशकात आली, भावाच्या झोपडीत. मदत मागायला कचेरीत गेली तर कारकून म्हणाला, "बाई, तुझं नाव गावच्या यादीत. मदत गावातच भेटंल." म्हातारी मरेपर्यंत सांगायची, "ज्या गावानं घर जाळलं त्याच गावात जाऊन भाकर मागू व्हय रं?"

1947 ची छावणी, 1978 चं गाव. नियम तोच. जिथं जगता येत नाही तिथंच मदत.

आता कुणी पुरोगामी म्हणेल, ही काँग्रेसवाल्यांची, जातीयवाद्यांची करणी. मग मरिचझापी घ्या. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या नामशूद्रांना सरकारनं दंडकारण्याच्या रानात नेऊन टाकलं. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतही बंगाली निर्वासितांची गावं आहेत. 1978 साली हजारो जण दंडकारण्य सोडून सुंदरबनातल्या त्या बेटावर गेले. स्वतःच्या कष्टानं शाळा उभारली, दवाखाना उभारला. जानेवारी 1979 मध्ये डाव्या आघाडीच्या सरकारनं बेटाला वेढा घातला, अन्नपाणी तोडलं, गोळ्या झाडल्या. मे महिन्यात बेट रिकामं केलं. किती मेले याचा हिशेब अजून लागलेला नाही. झेंडा लाल केला म्हणून जात धुतली जात नाही.

आजही या देशात निर्वासितांचा कायदा नाही. 1951 च्या जागतिक करारावर भारताची सही नाही. म्हणून निर्वासितावर खर्च होणारा पैसा हा हक्क नाही, मर्जी आहे. आणि मर्जी आली की तिच्या मागोमाग धर्म येतो, जात येते. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यानं धर्म बघून दार उघडलं. रोहिंग्या दाराबाहेर. दाराबाहेर म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. म्हणून आम्ही त्याच्या बाजूचे.

आमचं म्हणणं सरळ आहे. मदत माणसाच्या मागं जावी, माणूस मदतीच्या मागं नको. सीमा ओलांडून आलेला असो की गावकूस, तो जिथं पथारी टाकेल तिथं त्याला रेशन, निवारा, पोरांना शाळा. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा पीडितांचं पुनर्वसन शासनावर टाकतो. 1995 च्या नियमांत अन्न, पाणी, कपडे, निवारा सगळं लिहिलंय. मग गाव सोडून नाशकाच्या झोपडपट्टीत आलेल्यांची यादी कुठं आहे? त्यांच्यावर खर्च किती केला? वाटप करणाऱ्या खुर्चीवर आमचं कोण बसलंय?

पोरांनो, आपापल्या वस्तीत फिरा. कोण कुठून हाकलला गेला ते वहीत लिहा. सरकार यादी करत नसेल तर आपण करू, आणि ती कलेक्टरच्या टेबलावर आपटू. भीक नको, हिशेब पाहिजे.

जय भीम!