अंधपंगुन्याय समुद्रतळाशीं

आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसला आणि दोघेही रानांतून सुखरूप बाहेर पडले, हा अंधपंगुन्याय आपल्या घरांतील मुलांनाही ठाऊक असतो. सांख्यांनीं तर प्रकृति-पुरुषांच्या संयोगास याच न्यायाचा दाखला दिला आहे. परंतु असा संसार डोळ्यांनीं पाहावयाचा असेल, तर तो समुद्राच्या तळाशीं, नाहीं तर एखाद्या मत्स्यालयांत पाहावा लागतो. आम्हीं तो पाहिला धाटावास.

रोह्याजवळ कुंडलिकेच्या कांठचें हें गांव आज रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीमुळें ओळखलें जातें. तेथील एका प्रयोगशाळेंत काम करणारे आमचे एक स्नेही आहेत. त्यांच्या दिवाणखान्यांत पुस्तकांच्या कपाटाशेजारीं खाऱ्या पाण्याची कांचेची टांकी आहे. तळाशीं वाळू, शिंपल्यांचे तुकडे, कांहीं दगड. आणि एका दगडाखालीं बीळ. बिळाच्या तोंडाशीं बोटाएवढा पिवळा मासा पहारेकऱ्यासारखा स्थिर बसला होता. थोड्या वेळानें आंतून एक कोळंबी वाळूचा ढीग लोटीत बाहेर आली, ढीग टाकून परत गेली, पुन्हां आली, पुन्हां गेली. मजुरानें घमेलीं वाहावींत तसा हा क्रम चालला होता. मासा मात्र वाळूचा एक कणही हलवीत नव्हता. यजमानीणबाई हसून म्हणाल्या, "घरोघरचेंच चित्र आहे. एकीनें राबावें, दुसऱ्यानें बसून पाहावें!"

टोमणा मार्मिक खरा, पण त्या माशावर थोडा अन्याय करणारा. गोबी नांवानें ओळखला जाणारा हा मासा बसून पाहतो, आणि पाहणें हेंच त्याचें काम आहे. कोळंबीची दृष्टि फार मंद. बिळाबाहेर आलेला शत्रु तिला दिसावयाचा नाहीं. म्हणून बाहेर असतांना ती आपली एक लांब मिशी माशाच्या अंगाला सतत टेकवून ठेवते. मोठा मासा दृष्टीस पडला कीं गोबी आपली शेपटी किंचित् थरथरवितो. ती थरथर मिशीवाटे पोंचतांच कोळंबी आंत पळते. संकट अगदींच अंगावर आलें, तर गोबीही डोकें खालीं करून बिळांत सूर मारतो. रात्र पडली कीं दोघेंही आंत जातात आणि बिळाचें तोंड बहुधा वाळूनें बुजून जातें. गोबीला असें बीळ खणतां येत नाहीं, आणि उघड्या वाळूवर त्याला दुसरा आसरा नाहीं. त्याचीं अंडींसुद्धां याच बिळांत वाढतात. न्यायांतील आंधळा व पांगळा गांव आला कीं आपापल्या वाटेनें जातात. येथें तसें होत नाहीं.

तांबडा समुद्र, लक्षद्वीप, जपानच्या दक्षिणेकडील बेटें अशा उष्ण प्रदेशांतील पोंवळ्यांच्या वाळूंत हे संसार आढळतात. अशा सोबतीनें राहणाऱ्या गोबींच्या जाती शंभराहून अधिक आहेत.

ही कोळंबी गरीब मोलकरीण मात्र नव्हे. इंग्रजींत तिला पिस्तुलाचें नांव दिलें आहे, तें तिच्या एका मोठ्या नांगीवरून. ती नांगी ती इतक्या वेगानें मिटते कीं पाण्याची एक धार सुटून तिच्यामागें पोकळ बुडबुडा तयार होतो. नांगीचीं दोन टोकें एकमेकांवर आपटून आवाज होतो, असा पूर्वीं समज होता. आवाज होतो तो बुडबुडा फुटण्याचा, हें २००० सालीं अतिजलद छायाचित्रणानें सिद्ध झालें. आणि फुटतांना क्षणार्धापुरता प्रकाशही चमकतो, हें २००१ सालीं. त्या क्षणीं बुडबुड्यांतील उष्णता जवळजवळ सूर्याच्या पृष्ठभागाएवढी असते. दुसऱ्या महायुद्धांत पाणबुड्यांचा कानोसा घेणाऱ्या अमेरिकन यंत्रांत उथळ समुद्रांतून फोडणी तडतडावी तसा आवाज येई. शोध घेतां तो अशाच कोळंब्यांचा निघाला. मोठी नांगी तुटली तर दुसऱ्या बाजूची लहान नांगी वाढून तिची जागा घेते, ही आणखी एक मौज.

पण आम्हांला सर्वांत विचार करावयास लावलें तें त्यांच्या ओळखीनें. इलान कार्प्लस व त्यांचे सहकारी यांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं मासा कोळंबीला डोळ्यांनीं ओळखतो, आणि कोळंबी माशाला पाण्यांतील गंधावरून. आंधळीला गंधाचा आधार! व्यापारी या दोघांस बहुधा निरनिराळे विकतात; नुसता मासा आणला तर तो टांकींत जगतो, पण दगडाआड दडून. नुसता शोभेसाठीं मासा आणणें आम्हांला बरें वाटत नाहीं. आणावयाचेंच तर जोडीनें आणावें, आणि दगड वाळूवर न ठेवितां आधीं टांकीच्या तळावर पक्के बसवावे. नाहीं तर खणतां खणतां तो कोसळून कोळंबीच चिरडावयाची.

खारें पाणी रेवदंड्याहून आणतां काय, असें आम्हीं स्नेह्यांस विचारलें. कुंडलिका तेथेंच समुद्रास मिळते. ते म्हणाले, "छे, छे. गाळलेल्या गोड्या पाण्यांत विकतचें मीठ मिसळून घरींच समुद्र करतों." दर रविवारीं ते त्या पाण्यांतील अमोनिया मोजतात. कारण विचारावें लागलें नाहीं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादींत कुंडलिकेचें नांव आहे, आणि खाडीवरील मच्छीमार मासळी आटल्याची तक्रार कित्येक वर्षें करीत आले आहेत.

कोकणच्या खाड्यांच्या चिखलांतही अशा चुटकी वाजविणाऱ्या कोळंब्या राहतात. ओहोटीला चिखलावर उड्या मारणारी निवटी, जी मासळी न खाणाऱ्या घरांतील मुलांनींही पुलावरून पाहिली असेल, ती या पहारेकऱ्याच्याच गोतांतली. त्यांच्यांत असा करार नाहीं. परंतु पाण्यांतील गंधावांचून त्या कोळंबीचेंही चालत नाहीं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ कुंडलिकेच्या पाण्याचे नमुने घेतें व आकडे प्रसिद्ध करतें. ज्यांच्या घरीं कांचेची टांकी आहे त्यांनीं आपल्या रविवारच्या आकड्यांशेजारीं ते एकदां मांडून पाहावे.