उन्हाने कीटकनाशकाचे पाणी शुद्ध होते. पण विहीर नाही

स्पेनमधील अल्मेरिया हा हरितगृह शेतीचा पट्टा. तेथे कीटकनाशकांच्या बाटल्या धुतलेले पाणी काचेच्या नळ्यांतून उन्हात फिरवून शुद्ध केले गेले. टायटॅनियम डायऑक्साइड किंवा लोहासारख्या उत्प्रेरकामुळे उन्हात क्रियाशील हायड्रॉक्सिल मूलके तयार होतात. ती कीटकनाशकाचे रेणू तोडतात. मात्र टायटॅनियम डायऑक्साइडला लागणारे अतिनील किरण उन्हात जेमतेम ५ टक्के असतात आणि गढूळ पाण्यात ते खोलवर पोहोचत नाहीत. क्षारही निघत नाहीत. म्हणजे ही पद्धत साठवलेल्या थोड्या पाण्यासाठी आहे, दूषित विहिरीसाठी नाही. म्हणून फवारणीचे द्रावण करतानाच रिकामी बाटली तीनदा विसळून पाणी पंपाच्या टाकीत ओता. विहिरीजवळ किंवा ओढ्यात पंप धुऊ नका.