बोटीवरून दिसणारी मुंबई

गेटवेपासून सुटणाऱ्या बोटीतून दिसते तेवढीच मुंबई, असे आपल्या महानगरी समीक्षेने जणू ठरवूनच टाकले आहे. १९२४चे गेटवे, १९०३चे ताज, की झाले शहर! आम्हां वऱ्हाडातल्या वाचकांना हे दर्शन अपुरे वाटते. १८७०मध्ये खामगावपर्यंत लोहमार्ग आला तो कापसासाठी. अमरावती-अकोल्याच्या गाठी मुंबई बंदरातूनच विलायतेला गेल्या. ताज उभारणाऱ्या जमशेटजी टाटांनी १८७७मध्ये एम्प्रेस मिल नागपुरात काढली, तीही कापसाचा मुलूख जवळ म्हणूनच. (बोटीवरचा मार्गदर्शक हे सांगत नाही, त्याच्याकडून तशी अपेक्षाही नाही. प्राध्यापकांकडून आहे.) आणि अभ्यासक्रमात मुंबईवरचे लेखन 'महानगरी', आमच्याकडचे मात्र 'प्रादेशिक'! कापूस मुंबईला चालतो, मग तो पिकवणाऱ्याची कादंबरीच तेवढी प्रादेशिक कशी?