बैठका किती, मात्रा किती?

आमच्या महाविद्यालयाचे एक निवृत्त शिपाई प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावर मुंबईत किरणोपचार घेऊन नुकतेच गावी परतले. रोग ग्रंथीपुरताच मर्यादित होता. उपचारांचा खर्च शासकीय योजनेतून भागला. परंतु सदतीस बैठकांसाठी काढलेल्या आठ आठवड्यांचे खोलीभाडे, दोघांचे जेवण आणि सोबत राहिलेल्या मुलाची बुडालेली मजुरी यांनी घर कर्जात गेले. हा खर्च रुग्णालयाच्या कोणत्याही हिशेबात दिसत नाही.

इतक्या बैठका अपरिहार्य असतात काय? मुख्यतः ब्रिटनमध्ये ३,२१६ रुग्णांवर झालेल्या 'चिप' चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. ३७ बैठकांत ७४ ग्रे या रूढ पद्धतीने पाच वर्षांनंतर ८८.३ टक्के रुग्णांत रोग उलटला नव्हता. २० बैठकांत ६० ग्रे दिलेल्यांत हेच प्रमाण ९०.६ टक्के होते. दीर्घकालीन त्रासही जवळपास सारखाच आढळला. या ग्रंथीच्या कर्कपेशी प्रत्येक बैठकीच्या मोठ्या मात्रेने अधिक घायाळ होतात. म्हणून एकूण मात्रा कमी असूनही पुरते.

मात्र काटकसरीलाही सीमा असते. याच चाचणीत १९ बैठकांत ५७ ग्रे घेतलेल्या तिसऱ्या गटाची रूढ पद्धतीशी बरोबरी सिद्ध होऊ शकली नाही. अंतर अवघे एका बैठकीचे आणि तीन ग्रेचे! पुढे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या 'पेस' चाचणीत कमी व मध्यम जोखमीच्या रुग्णांना पाचच बैठका पुरल्या. पण मूत्रमार्गाचा त्रास काहीसा वाढला. तेव्हा निवड तज्ज्ञानेच करावी. अचूक यंत्रणेविना मोठी मात्रा धोक्याचीच.

तथापि जेथे प्रत्येक बैठकीमागे शुल्क आकारले जाते, तेथे बैठका कमी करणे म्हणजे रुग्णालयाने स्वतःचेच उत्पन्न घटवणे होय. सर्वच डॉक्टर लोभी असतात असे नव्हे. पण अशी व्यवस्था लांबलेल्या उपचारांना बक्षीस देते, हे नाकारता येणार नाही. यास्तव शुल्क बैठकीगणिक नव्हे, तर संपूर्ण उपचारासाठी एकरकमी ठरावे. त्यातून मोकळे झालेले यंत्र रांगेतील पुढच्या रुग्णाच्या कामी येईल.

गरिबाचा दिवस फुकट नसतो. तो वाचवणे हाही उपचाराचाच भाग मानला पाहिजे.